कानाचा वारसा

ग्वाल्हेर हे कानाचे नगर आहे, असे म्हटल्यास वाचक आम्हांस दोष देणार नाहीत. महंमद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची कबर आहे. तिच्याजवळच्या चिंचेचा पाला चघळला म्हणजे गळा गोड होतो, अशी गायकांची जुनी श्रद्धा. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने येथे संगीत विद्यालय निघाले. येथीलच गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली आणि मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकरांच्या हाती दिली. या परंपरेत शिष्य हा गुरूचा पुत्र असलाच पाहिजे, असे नव्हते. गाण्याचा वारसा तालमीने मिळतो. त्यास रक्ताचे नाते लागत नाही. परंतु ही तालीम ज्या द्वाराने आत प्रवेश करते ते द्वार, म्हणजे कान, हा मात्र रक्ताचाच वारसा होय. तो आईबापांकडून येतो, आणि क्वचित् अपुराही येतो.

अशा वेळी घरात काय घडते, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. मूल हाकेला वळत नाही. प्रथम सारे म्हणतात, 'मुलगा आहे, उशिराच बोलेल. याचे काकाही उशिरा बोलले.' दोन वर्षे अशी जातात. मग खरे काय ते कळते, आणि त्याच दिवशी घरात एक प्रश्न उभा राहतो: 'हे आले कोणाकडून?' आमच्या घराण्यात तर असे कोणी नव्हते, असे सासरची माणसे म्हणतात. आमच्याकडेही नव्हते, असे माहेरची माणसे सांगतात. कोणी ग्रहणाच्या वेळी आईने काय केले ते आठवू लागतो, कोणी पूर्वजन्म काढतो. बहुधा हा प्रश्न फिरत फिरत आईच्याच पदरात येऊन पडतो. आम्ही शास्त्र शाखेचे पदवीधर नव्हे. आमचा विषय भाषेचा. तथापि या एका प्रश्नास आजचे शास्त्र काय उत्तर देते, ते विद्यार्थ्यांना व त्यांच्या घरच्या मंडळींना समजावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम कानाची रचना पाहू. आपण ज्याला कान म्हणतो ती बाहेरची पाळी म्हणजे केवळ देवडी. आवाजाच्या लाटा तिच्यातून आत जातात व कानाच्या पडद्यावर आदळतात. पडदा कापतो, आणि त्याचा कंप तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून पुढे जातो. आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण व रिकीब अशी नावे आहेत. रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड; त्याची उंची सुमारे ३ मिलिमीटर. ही रिकीब आतल्या कानाच्या दारावर ठोके देते. त्या दारापलीकडे शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी आहे. तिला कर्णावर्त म्हणतात. ती द्रवाने भरलेली असते, आणि तिच्या तळाशी ओळीने रोमपेशी उभ्या असतात. त्यांच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचे तुरे असतात. द्रव हलला की हे तुरे लवतात, पेशीची बारीक छिद्रे उघडतात, पोटॅशियमचे कण आत शिरतात आणि विजेचा एक लहानसा संदेश उत्पन्न होतो. श्रवणतंतू तो संदेश मेंदूकडे नेतो. ऐकतो तो खरे पाहता मेंदूच. कान त्याचा हरकारा.

एका कानात अशा रोमपेशी किती असाव्यात? आतल्या ओळीत सुमारे ३,५००, आणि बाहेरच्या तीन ओळींत मिळून सुमारे १२,०००. जन्मापूर्वीच त्या घडून तयार होतात आणि तेवढ्याच आयुष्यभर पुरवावयाच्या असतात. पक्ष्यांच्या कानात नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात, असे १९८७-८८ च्या सुमारास आढळून आले. मनुष्याला मात्र हे वरदान नाही. लग्नाच्या वरातीत ध्वनिवर्धकाशेजारी नाचणाऱ्या तरुणांनी व रात्रंदिवस कानांत यंत्रे घालून गाणी ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आता हे सूक्ष्म यंत्र घडते कशाच्या आधारे? आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईचे, एक वडिलांचे. या गुणसूत्रांवर जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवावे याची लिहून ठेवलेली कृती, असे समजावे. लाडवाची कृती जशी आईच्या वहीत एक व आजीच्या वहीत एक असावी, तशी प्रत्येक प्रथिनाची कृती आपल्यापाशी बहुधा दोन प्रतींत असते. एक प्रत फाटली तरी दुसरीवरून काम चालते; लाडू व्हावयाचे ते होतातच. दोन्ही प्रती एकाच कृतीत बिघडल्या, म्हणजे मात्र काम अडते.

कान घडविण्याच्या व चालविण्याच्या कामी अशी शेकडो जनुके राबत असतात. त्यांपैकी शंभराहून अधिक जनुकांतील बिघाडाने केवळ बहिरेपणा येतो, दुसरी कोणतीही व्याधी येत नाही, हे आजवर सिद्ध झाले आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. त्यावरून कॉनेक्सिन-२६ नावाचे प्रथिन बनते. हे प्रथिन पेशीपेशींमधील दरवाजे बांधते. सहा प्रथिने गोलाकार उभी राहिली की अर्धा दरवाजा होतो. शेजारच्या पेशीचा अर्धा त्याला येऊन जुळला की पूर्ण वाट तयार होते. रोमपेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये या वाटांनी पोटॅशियमची व इतर सूक्ष्म द्रव्यांची ने-आण चालते. वाटा नसल्या तर कर्णावर्ताची व्यवस्था बिघडते आणि मूल जन्मतःच बहिरे होते. या जनुकाचा व बहिरेपणाचा हा संबंध १९९७ साली उघडकीस आला.

भारतात या जनुकातील जो बिघाड सर्वांत अधिक आढळतो, तो भाषेच्या विद्यार्थ्यास चटकन समजेल असा आहे. कॉनेक्सिन-२६ हे २२६ घटकांचे प्रथिन. म्हणजे २२६ शब्दांचे एक वाक्यच म्हणा. या बिघाडात केवळ एक अक्षर बदलते, आणि चोविसाव्या शब्दाच्या जागी पूर्णविराम येऊन बसतो. पुढचे दोनशेहून अधिक शब्द लिहिलेले असूनही कोणी वाचीत नाही. एका अक्षराच्या चुकीने एका बालकाचे जग निःशब्द होते!

या अक्षराचा इतिहासही मोठा विलक्षण आहे. युरोपातील रोमा लोक, ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत, हे मुळात भारताच्या वायव्य भागातून सुमारे हजार वर्षांपूर्वी निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ त्यांच्या बोलीवरून सांगत आले आहेत. स्लोव्हाकिया, स्पेन इत्यादी देशांतील रोमा कुटुंबांत बहिरेपणाचा शोध घेतला, तेव्हा चोविसाव्या शब्दावरील हाच पूर्णविराम सापडला. भाषेने दिलेल्या साक्षीस जनुकाने दुजोरा दिला. ज्या कोणा एका पूर्वजाच्या ठायी हे अक्षर प्रथम चुकले असेल, त्याचे वंशज आज गंगेच्या काठी आहेत, कृष्णेच्या काठी आहेत आणि डॅन्यूबच्या काठीही आहेत.

येथे वाचक विचारतील, की आईबाप दोघेही नीट ऐकतात, आजा-आजी ऐकतात, मग मूल बहिरे कसे? याचे उत्तर ग्रेगॉर मेंडेल या धर्मोपदेशकाने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून १८६५ सालीच देऊन ठेवले आहे. उंच झाडांच्या पोटी ठेंगू झाड कसे निपजते, हा त्याचा प्रश्न होता. ठेंगूपणाचा गुण उंच झाडात दडून राहतो. दोन्हीकडून तो एकत्र आला की प्रकट होतो, असे त्यास आढळले. कानाचेही तसेच आहे. आईपाशी एक चांगली प्रत व एक बिघडलेली, वडिलांपाशीही तसेच. दोघांनाही उत्तम ऐकू येते; अशा व्यक्तीस शास्त्रात वाहक म्हणतात. प्रत्येक जण अपत्यास दोहोंपैकी एक प्रत देतो, आणि कोणती द्यावयाची हे त्याच्या हाती नसते. नाणे उडवावे तसा तो प्रकार आहे. दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत येण्याचा संभव चारांत एक. चारांत दोनदा मूल आईबापांसारखे वाहक होते, आणि एकदा दोन्ही प्रती चांगल्या येतात. पहिले मूल बहिरे झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब मात्र कोणी करू नये. प्रत्येक जन्माला नाणे नव्याने उडते.

यावरून 'हे आले कोणाकडून?' या प्रश्नाचे उत्तर मिळते. ते असे, की दोघांकडून, समसमान, आणि दोघांच्याही नकळत. अशा बहिरेपणात एकट्या आईस मूल बहिरे करता येत नाही, एकट्या बापासही येत नाही. 'आमच्या घराण्यात कोणी नव्हते' हे दोन्हीकडचे म्हणणे खरे असते आणि तरीही ते निरर्थक असते; कारण मुके जनुक पिढ्यान्पिढ्या बोलल्यावाचून चालत येते. अमेरिकेतील पाहणीत असे आढळले आहे, की बहिऱ्या मुलांपैकी दहांत नऊहून अधिक मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. ग्रहणाचा, विळीचा व पूर्वजन्मीच्या पापाचा येथे काडीइतकाही संबंध नाही. आमचा हा लेख वाचून एका जरी घरातील एका जरी सुनेवरचा हा आळ उतरला, तरी आम्ही आमचे श्रम सार्थकी लागले असे समजू.

आता नात्यातील विवाहांविषयी लिहावयास हवे. विदुषी इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचा विचार करताना दाखविले आहे, की उत्तरेकडे भावंडांच्या मुलांचे परस्पर विवाह निषिद्ध. महाराष्ट्रात मात्र कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल. आमच्याकडील कोकणी बोलणाऱ्या घरांतही ही चाल अपरिचित नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंड विवाह वर्ज्य ठरविताना रूढीस अपवाद म्हणून जागा ठेवली आहे. ग्वाल्हेरची मराठी मंडळी या दोन रीतींच्या सीमेवर राहतात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्याचेच पुढे लष्कर हे शहर झाले. अशा दूरच्या वस्तीत सोयरीक जमवावयाची म्हणजे ओळखीच्या थोड्याच घरांतून, हे ओघानेच येते.

याचा हिशेब गणिताच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. असे धरा, की एका आजोबांपाशी एक मुके जनुक आहे. त्यांच्या प्रत्येक अपत्यात ते उतरण्याचा संभव १/२. प्रत्येक नातवंडात १/४. आता त्यांच्या मुलाची मुलगी व मुलीचा मुलगा यांचा विवाह झाला. दोघेही वाहक असण्याचा संभव १/४ गुणिले १/४, म्हणजे १/१६. आणि त्यांचे मूल बहिरे होण्याचा संभव त्याचा चतुर्थांश, म्हणजे १/६४. त्याच नातवाने नात्याबाहेरील मुलीशी लग्न केले, आणि समाजात पन्नासांत एक जण वाहक आहे असे उदाहरणापुरते मानले, तर हाच संभव १/८०० येतो. म्हणजे धोका बारापटीहून अधिक वाढला. परंतु हेही ध्यानात घ्यावे, की पहिल्या हिशेबातही ६४ पैकी ६३ वेळा या कारणाने काहीच होत नाही. तेव्हा ज्यांचा असा विवाह झालेला आहे त्यांना भीती घालण्याचे कारण नाही. ज्यांचा व्हावयाचा आहे त्यांनी विचार करावा, आणि घरात पूर्वी असे मूल जन्मलेले असेल तर जनुकांच्या जाणकार वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा, एवढेच.

लहान वर्तुळात फिरणाऱ्या विवाहसंबंधांचे एक ठळक उदाहरण जम्मूकडील डोडा जिल्ह्यात आहे. तेथील धडकाई या डोंगरी गावात कित्येक कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या बहिरी मुले जन्मास येत आहेत. त्याचे मूळ ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात सापडले. या बहिरेपणात रोमपेशी शाबूत असतात. परंतु त्यांना श्रवणतंतूच्या हाती संदेश देता येत नाही. हरकारा दारापर्यंत येतो आणि तेथेच उभा राहतो. आपत्तीत माणूस मार्ग काढतोच. गावकऱ्यांनी आपापसांत खुणांची एक भाषा घडविली, आणि ती बहिरे नसलेलेही बोलतात.

दोन बहिऱ्यांनी परस्परांशी विवाह केला तर मुले बहिरीच होणार, अशीही एक समजूत आहे. तीही सर्वस्वी खरी नव्हे. पतीचा बिघाड एका जनुकात व पत्नीचा दुसऱ्याच जनुकात असेल, तर प्रत्येक मुलास दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळते आणि सारी मुले ऐकणारी निपजतात. दोघांचा बिघाड एकाच जनुकात असेल तरच ती सारी बहिरी होतात. बहिरेपण दिसावयास एक, पण त्याची मुळे अनेक, हे यावरून कळेल.

सर्वच बहिरेपण आनुवंशिक असते असेही नाही. गरोदरपणी आईस झालेला रुबेला, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूच्या आवरणाचा दाह, कानाचे वाहते राहणे, यांनीही ऐकणे जाते. आणि यांपैकी पुष्कळ गोष्टी लस व वेळेवर केलेले उपचार यांनी टळतात. कधी कधी वारसा व बाह्य कारण यांची गाठ पडते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या वर्गातील औषधे कानाला घातक ठरू शकतात. काही घराण्यांत पेशीच्या एका वेगळ्या, केवळ आईकडूनच येणाऱ्या जनुकसंचयात असा बदल असतो, की या औषधाच्या थोड्या मात्रेनेही कान जातो, हे १९९३ साली सिद्ध झाले. अशा घरातील माणसांनी वैद्यास ते आधी सांगावे. आणि कधी शास्त्रही निरुत्तर होते. थोर संगीतकार बीथोव्हेन तारुण्यातच बहिरा होऊ लागला. त्याच्या जपून ठेवलेल्या केसांवरून त्याच्या जनुकांचे वाचन करण्यात आले. २०२३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यकृताच्या रोगाची कारणे सापडली, बहिरेपणाचे कारण सापडले नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, वाट पाहू नये. जगभर साधारणतः दर हजार बालकांमागे एक किंवा दोन बालके जन्मतः तीव्र बहिरी असतात, आणि पाळण्यातील मूल ती गोष्ट सांगू शकत नाही. टाळी वाजवून वा थाळी बडवून केलेली घरगुती परीक्षा फसवी असते. मूल आवाजाला नव्हे, हालचालीला किंवा हादऱ्याला वळते. १९७८ साली डेव्हिड केम्प या इंग्रज शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. निरोगी कान आवाज ऐकतो, तसाच स्वतःही अगदी बारीक आवाज काढतो. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसे यंत्र ठेवून हा प्रतिध्वनी काही मिनिटांत तपासता येतो. बाळास वेदना होत नाहीत. मात्र ओटोफर्लिनच्या बहिरेपणात हा प्रतिध्वनी येऊनही मूल ऐकत नाही. म्हणून संशय असल्यास श्रवणतंतू व मेंदूपर्यंतची परीक्षा करावी लागते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असा आज सर्वमान्य क्रम आहे. आपल्या सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

ही घाई कशासाठी, हे भाषेच्या शिक्षकाने सांगावयास हवे. आमची घरची भाषा कोकणी, शिक्षणाची मराठी, आणि या नगरीच्या रस्त्यावरची हिंदी. तिन्ही कानावाटे आल्या; त्यांतील पहिली तर एक अक्षर ओळखण्यापूर्वीच आली. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदू भाषेसाठी भुकेला असतो. त्या काळात त्यास भाषा मिळाली नाही, तर पुढे ती भूक मंदावते. बहिऱ्या मुलाचा गळा व जीभ बहुधा निर्दोष असतात. ते मुके होते ते न ऐकल्यामुळे, आणि मंद समजले जाते ते आपल्या अज्ञानामुळे. म्हणून श्रवणयंत्र असो, कर्णावर्तात बसविण्याचे विजेचे रोपण असो किंवा हातांची भाषा असो, काहीतरी त्याला लवकर मिळालेच पाहिजे. भारतात बहिऱ्यांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईस निघाली. १९८३ पासून मुंबईतच वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था काम करीत आहे. आणि २०१५ साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र स्थापन झाले. या केंद्राने केलेल्या कोशात पुढे दहा हजार शब्दांच्या खुणा जमल्या. खुणांची भाषा ही तोडकीमोडकी भाषा नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि तिच्यात विनोद करता येतो, भांडता येते व गणितही शिकविता येते.

शास्त्र येथेच थांबलेले नाही. २०२४ च्या आरंभी चीनमधील शांघायच्या वैद्यांनी ओटोफर्लिनच्या बिघाडाने बहिऱ्या झालेल्या सहा मुलांच्या आतल्या कानात त्या जनुकाची चांगली प्रत पोहोचविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. सहांपैकी पाच मुलांस ऐकू येऊ लागले. धडकाईसारख्या गावातील व्याधीवर हा इलाज एक दिवस पोहोचेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. कॉनेक्सिनच्या दरवाजांपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या वैद्य होईल, कोणी शिक्षक, आणि बहुतेक सर्व जण आईबाप, काका, मावशी होतील. तुमच्या घरी वा शेजारी एखादे बाळ हाकेला वळले नाही, तर 'उशिरा बोलेल' असे म्हणणाऱ्यांत तुम्ही नसावे. त्याला घेऊन त्याच आठवड्यात रुग्णालयाची वाट धरणाऱ्यांत असावे. आणि कोणी 'हे आले कोणाकडून?' असे विचारू लागले, तर शांतपणे सांगावे, की ते आपणा सर्वांच्या पूर्वजांकडून आले आहे, त्यात कोणाचा अपराध नाही, आणि आता या बाळाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे तेवढे ठरवू या.